दोन जहाजांचं एक आयुष्य

अप्पा, तुम्ही जाऊन तीस वर्षं झाली. मद्रासला आता चेन्नई म्हणतात, आणि तुमच्या वह्यांचं पुस्तक झालं आहे. गेल्या आठवड्यात एका संशोधकांची मेल आली. दोन जहाजांना एकच समजून लेखकाने ढोबळ चूक केली आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. लेखक म्हणजे तुम्ही. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

अठराव्या शतकातलं इंग्रजांच्या आरमाराचं ते स्लूप, सोळा तोफांचं छोटं लढाऊ जहाज. रेकॉर्ड ऑफिसात जन्मभर फाटके कागद खळीने जोडता जोडता तुमचा त्याच्यावर जीव जडला. ते कधी बांधलं, मद्रासला बंदर नव्हतं तेव्हा लाटांपलीकडे किती दिवस नांगरून राहिलं, कुठल्या फ्रेंच जहाजामागे धावलं, सगळं तुम्ही टिपून ठेवलंत. लहानपणी एकदा मी फाटक्या कागदातलं गेलेलं अक्षर पेन्सिलने भरलं, तर तुम्ही पेन्सिल काढून घेतलीत. कागदात नाही ते लिहायचं नाही, एवढंच म्हणालात आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाहीत.

मग तुमची दृष्टी गेली. मद्रासमधल्या तिरुवल्लिकेणीच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशी तुम्ही बसता, विलायतेहून मागवलेल्या जुन्या कागदांच्या प्रती मी वाचते, तुम्ही सांगता ते लिहून घेते. एका रविवारी दुपारी तो कागद हाती येतो. जहाजाचं लाकूड कुजलं आहे, ते मोडीत काढावं आणि त्याचं नाव नव्या जहाजाला द्यावं. आपल्यात आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, तसंच. म्हणजे शेवटच्या दोन वह्यांत आपण नातवाची कामगिरी आजोबांच्या नावावर मांडली होती. मी ती ओळ गाळली आणि जहाज दुरुस्त होऊन परत निघालं, असं वाचलं.

"नीट बघ गं मा. कागदात तसंच आहे का?"

"तसंच आहे, अप्पा."

तुम्ही मान हलवलीत आणि पुढचं सांगू लागलात.

काल मी त्या संशोधकांना कळवलं की चूक वडिलांची नाही, वाचून दाखवणाऱ्या मुलीची आहे. दृष्टी गेलेल्या माणसाचे कष्ट वाया जाऊ नयेत म्हणून तिने तसं केलं, असंही लिहिलं. त्यांचं उत्तर लगेच आलं, फार हळवं. अप्पा, ते खरं नाही. मला तेव्हा तुमची दया वगैरे आली नव्हती. मैत्रिणी मरीनावर समुद्रकिनारी फिरायला निघाल्या होत्या, आणि दोन वह्या पुन्हा लिहायचा मला कंटाळा आला होता.