वेणीतला बोंबील

कुत्रा मासवणला नेऊन सोडलास आणि मला एक शब्द बोलली नाहीस. एक थोबाडीतसुद्धा दिली नाहीस. हे आधी ऐकून घे, आये, बाकीची खुशाली मागून. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्या घराच्या जागी आता मुंबईकरांना राहायला खोल्या बांधल्यात, त्यातही दोन मालक बदलले. मी स्वतः आजी झाले, गुडघे गेले, दात गेले, पण ही एक गोष्ट काही गेली नाही. कालपासून तर ती घशात काट्यासारखी बसली आहे, कारण काल एका माणसाच्या तोंडून पुन्हा तेच ऐकलं: मासवणला नेऊन सोडतो.

माझी चौथीपर्यंतची शाळा तुला ठाऊक आहे, तूच काढलीस त्यातून. तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. नात म्हणाली, आजी, तू बोल, मोबाईल लिहून घेईल. मी म्हटलं, मोबाईलला काय करायच्यात आमच्या घरातल्या भानगडी.

ही नात म्हणजे माझ्या धाकट्या लेकाची मुलगी. आठवडाभर बोईसरला एका कारखान्याच्या कचेरीत काम करते आणि सुटीच्या दिवशी कुत्र्यांचे फोटो काढते. हसू नकोस. मीही हसले होते. लोक आपापले कुत्रे गाडीत बसवून केळव्याच्या किनाऱ्यावर येतात, आणि ही त्यांना सोंगं देते. थीम म्हणतात त्याला. एका काळ्या ढेरपोट्या कुत्र्याला तिने वकील केला होता, पांढरी पट्टी गळ्याला, समोर जाडी पुस्तकं. एक म्हातारी कुत्री माकुणसारची, तिला चष्मा लावून शाळेची बाई केली, मागे फळा. ती अशी बघत होती की मलाच पाढे म्हणावेसे वाटले. कपडे मी शिवते, उरल्यासुरल्या कापडातून. पोटाखालून बंद कुठून न्यायचा, शेपटीला वाट किती ठेवायची, हे आता मला झोपेतही येतं. नात स्वतः वाळूत पालथी पडते, अंडी घालायला आलेल्या कासवासारखी, कारण कॅमेरा कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीला पाहिजे. वरून काढला की कुत्रा बिचारा दिसतो, समोरून काढला की माणूस दिसतो, असं तिचं म्हणणं. तिचे नियम कडक आहेत. कुत्रा तोंड फिरवायला लागला, सारखी जीभ ओठावरून फिरवायला लागला, की सोंग उतरवायचं, मालक कितीही तोंड वाकडं करो. आणि दुसरा नियम, दाखवलं तर द्यायचं. खाऊ दाखवून फसवायचं नाही.

खाऊ म्हणजे माझा सुका बोंबील. शहरातली माणसं पिशवीतली महाग बिस्किटं आणतात, कुत्रा त्याचा वास घेतो आणि दर्याकडे बघत बसतो. मी नातीच्या मागे उभी राहून कॅमेऱ्याच्या वर बोंबलाचा तुकडा धरला की कसलाही उनाड कुत्रा पुतळा होतो. नात लोकांना सांगते, आमची आजी म्हणजे जादू. जादू कसली. बोंबील वाळत घातले की कुत्र्यांना हाकलायला तू मला काठी देऊन बसवायचीस, तेव्हापासून मला कुत्र्याचं नाक कळतं.

आणि तेव्हापासूनच तो तांबडा कुत्रा. तू म्हणायचीस, "कुत्र्याला नाव ठेवू नको गो, नाव ठेवलं का त्याचा घरात वाटा लागतो." म्हणून मी नाव ठेवलं नाही. नुसती "अरे" म्हणायचे, तो यायचा. तू बाबाला "अवो" म्हणायचीस, मी कुत्र्याला "अरे". घरात नावाने हाक अशी कोणालाच नव्हती. मी काठी घेऊन बसले की तो माझ्या शेजारी बसून दुसऱ्या कुत्र्यांवर भुंकायचा. म्हणजे राखण तोच करत होता, मी नव्हे.

आता कालचं सांगते. शनिवार होता. बोईसरच्या एका कंपनीतला साहेब आला, बायको, चार वर्षांची मुलगी आणि सोनेरी रंगाचा मोठा लॅब्राडोर. मुलीच्या आधीपासून तो कुत्रा घरात आहे, बायको सांगत होती, याच्या पाठीला धरूनच ही उभी राहायला शिकली. नातीने ठरवलं, कुत्रा होडी हाकणारा तांडेल आणि मुलगी कोळीण. वाळूत ओढून ठेवलेली एक जुनी होडी होती, तिच्या फळीवर दोघांना बसवलं. कुत्र्याला मी लाल टोपी शिवली होती, कान बाहेर राहतील अशी. मुलीला छोटं लुगडं, हातात मासळीची एवढीशी पाटी, केसांत अबोलीची वेणी. कुत्रा छान बसला. चांगले फोटो झाले. मग साहेब म्हणाला, "सगळ्या फोटोंत तो कॅमेऱ्याकडेच बघतोय. एकदा तरी हिच्याकडे बघायला हवा ना, प्रेमाने."

नात म्हणाली, "सर, तो दमलाय. आता पाणी देऊ, थांबू."

"एकच. एकच काढा हो."

नात पाण्याचं भांडं आणायला वळली आणि मी शहाणपणा केला. पोरीची वेणी नीट करते असं दाखवून बोटाएवढा बोंबील वेणीत खोचला. कोळणीला दुसरं काय सुचणार? पोरगी म्हणाली, "आजी, वेणीला घाण वास येतो."

"दर्याचा वास हाय तो, बाय. हलू नको."

कुत्र्याने मान वळवली. आये, काय बघितलं त्याने तिच्याकडे! साहेबाची बायको छातीवर हात ठेवून उभी राहिली. नातीने धावत येऊन, पालथं पडून दोन फोटो काढले. तिसऱ्याला कुत्रा उठला आणि त्याने वेणीत तोंड घातलं. पोरगी फळीवरून खाली वाळूत पडली, कानामागे त्याचा दात लागला, रक्त आलं. फार नाही, पण पोरीच्या कानाचं रक्त आईला फारच दिसतं. मी सगळ्यात जवळ होते. मी पोरीला उचललं, आणि उचलता उचलता दुसऱ्या हाताने वेणीतला तो तुकडा ओढून कनवटीला लावला. कोणी बघितलं नाही. हात आपोआप चालला. साठ वर्षांचा सराव.

बोईसरच्या डॉक्टरने जखम धुतली, सुई दिली, टाका लागला नाही. पण साहेबाचं डोकं फिरलं ते फिरलंच. फोनवर नातीला म्हणाला, "घरातल्या मुलीला दात लावला त्याने. आज कान, उद्या डोळा. मी रिस्क घेणार नाही. मासवणला मित्राची वाडी आहे, तिथे नेऊन सोडतो." मागे पोरीच्या रडण्याचा आवाज येत होता. कानासाठी नव्हती रडत. "त्याला नको नेऊ, तो माझा आहे," असं चाललं होतं. मासवण हा शब्द ऐकला आणि मी हातातला चहा तसाच ठेवून दिला.

काल संध्याकाळी नात फोटो मोठे करून बघत बसली. एकदम म्हणाली, "आजी, हे वेणीत काय आहे?"

"अबोलीची काडी असंल."

"काडीला शेपूट असते?"

तिने ती शेपटी आणखी मोठी केली. मग म्हणाली, "तू माझा नियम मोडलास. दाखवलं तर द्यायचं. त्याने फक्त त्याचं घेतलं, आजी." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "हा फोटो मी पुसून टाकते. कळलं तर कोण येईल पुन्हा माझ्याकडे? आणि तुला बोलतील ते मला ऐकवणार नाही." आये, पोरगी मला वाचवत होती. तेवढंच नको होतं मला. मी म्हटलं, "पुसायचा नाय." ती म्हणाली, "का?" मी कारण सांगितलं नाही. ते तुला सांगते.

जत्रेत फोटोवाला आला होता, मी दहा वर्षांची असताना. तंबूत पडदा लावला होता, त्यावर बंगला आणि मोटार रंगवलेली. लोक मोटारीला टेकल्यासारखे उभे राहायचे. मला वाटलं, मी आणि अरे, दोघं मोटारीजवळ उभे राहिलो तर कसे दिसू. फोटोवाला म्हणाला, पैसे नसतील तर सुकी मच्छी आण, तीही चालेल. आपल्या वाळवणाच्या काठ्यांवर जबड्यात जबडा अडकवून लटकवलेल्या बोंबलांच्या जोड्या होत्या. त्या मी काढल्या, ओटीभर. त्याने कुत्रा बघून नाक मुरडलं, "हलला तर फोटो फुकट जाईल." मी म्हटलं, "एक बोंबील तुमच्या डोक्यावर धरा." त्याने धरला, बावळटासारखा. कुत्रा पुतळा झाला. फोटो तळहाताएवढा मिळाला. त्यात कुत्रा साहेबासारखा सरळ बघतोय आणि माझे डोळे मिटलेले. म्हणजे हा धंदा आपल्या घरात नातीने नाही आणला, मी आणला.

त्या संध्याकाळी तू काठ्यांखाली उभी राहिलीस आणि विचारलंस, बोंबील कुठे गेले. मी कुत्र्याकडे बोट केलं. तो शेपूट हलवत होता, त्याला वाटलं आपलं कौतुक चाललंय. सकाळी तू सुकी मच्छी घेऊन मासवणकडे भाताच्या बदल्यासाठी निघालीस, तेव्हा पाट्यांच्या शेजारी सुंभाने बांधून त्यालाही गाडीत घेतलंस. तू गाठ मारत होतीस तेव्हा मी घरात जाऊन फोटो चुलीत घातला. बाहेर आले तर तू मला विचारलंस, "काय सांगाचं हाय का तुला?" गाडीवान म्हणाला, "बाय, ऊन चढतंय." तू म्हणालीस, "थांब जरा." गाडी थांबली. बैलाने मान हलवली, घुंगरू वाजलं. मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. मग तू म्हणालीस, "चल." गाडी वळणाला गेली तरी तो माझ्याकडेच बघत होता, आणि या वेळी माझ्या हातात काही नव्हतं.

काल फोटोतली ती शेपटी बघताना मला एक गोष्ट कळली, जी मला एवढ्या वर्षांत कळायला हवी होती. मी जोड्या काढल्या होत्या त्या वरच्या काठीवरच्या. पाटावर पाट ठेवून, त्यावर चढून. खालच्या काठीला बोटही लावलं नव्हतं. कुत्रा काय शिडी लावून वर चढला? रांगेतला एक बोंबील सरकला तरी तुला कळायचं, आणि हे कळलं नाही? तुला कळलं होतं. म्हणून गाडी थांबवलीस. तू माझी वाट बघितलीस. मी बोलले नाही, म्हणून कुत्र्याला नेलंस, आणि नंतर मासवणला जाताना दर वेळी फडक्यात मच्छीची डोकी वेगळी बांधायचीस. भाताच्या बदल्यात डोकी कोण घेतं? मला वाटायचं, तिकडची माणसं गरीब, घेत असतील. तू मला तेही सांगितलं नाहीस. माझा राग कुत्र्याला नेल्याचा नाही, आये. राग हा आहे की तू मला खोटं पचू दिलंस. एक मारली असतीस तर काल हात कनवटीकडे गेला नसता.

असो, हेही दुसऱ्यावर ढकलणंच झालं.

सकाळी मी नातीला म्हटलं, साहेबाला फोन लाव. त्याने उचलला नाही. मग तिने लिहून पाठवलं की आजीला बोलायचं आहे. त्याचं उत्तर आलं, चार वाजता कुत्र्याला घेऊन निघतोय, त्याआधी फोन करतो. आता साडेतीन होतायत. नातीने तो फोटो पुसला नाही, मोठा करून समोर ठेवलाय, शेपटीसकट. मला साहेबाची भीती वाटत नाही, साहेब काय खातो मला. हिचं हे पहिलंच काम आहे जे ती कोणाच्या हाताखाली करत नाही, आणि ते आज माझ्या तोंडाने बुडेल कदाचित, त्याची वाटते. मघाशी ती म्हणाली, "आजी, मी सांगते त्यांना. मी सांगेन की मीच ठेवला होता." पुन्हा तेच. आपल्या घरात खोटं बोलणाऱ्याला कायम कोणीतरी दुसरा मिळतो.

हे पत्र कुठे टाकणार मी? बोंबलाच्या डब्यात ठेवते, तुला वासावरून सापडेल. तो वेणीतला तुकडा अजून माझ्या कनवटीला आहे. कुत्रा घरी राहिला तर तो त्याचा आहे, दाखवला होता, द्यायचा राहिलाय. आणि तू, आये, आता मध्ये बोलू नकोस. तेव्हा गप्प बसलीस तशीच बस, गाडी थांबवून धर तेवढी. वाजला बघ फोन. ए पोरी, हात लावू नको त्याला! इकडे आण. मी बोलणार.