बाजूच्या पत्र्यातली खिडकी

३ फेब्रुवारी, सोमवार

काम करता करता संगणक बंद पडला. पडदा काळा, डबा गप्प. पुन्हा चालू केला, जरा चालला, पुन्हा बंद. डब्यावर हात ठेवला तर चटका बसेल इतका तापलेला. माहितीपटाचा अर्धा आवाज त्यात अडकून पडलाय. बाईंना अजून कळवलं नाही. त्या दिग्दर्शक, मी त्यांचा आवाजवाला. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण मनातसुद्धा बाईच म्हणतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

डबा दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने बाजूचा पत्रा काढून आतला पंखा बोटाने फिरवून पाहिला. अडकत अडकत फिरला.

"काका, बेअरिंग गेलंय. चांगला ओरडत असणार हा बरेच दिवस. ऐकू नाही आलं?"

म्हणालो, बाहेरगावी होतो.

खोटं. कुठेही गेलो नव्हतो. रोज त्या डब्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसलो होतो.

त्याने नवा पंखा बसवला, चालू केला. "बघा, आता कसा गार आणि गप्प." मी मान डोलावली. मला जुना आणि नवा, दोन्ही तितकेच गप्प!

६ फेब्रुवारी, गुरुवार

लिहून टाकतो. इथे तरी.

मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. पक्षी गेले, गजर गेला, दाराची घंटा गेली. माणसं बोलतात ते येतं, पण शब्दांच्या कडा झिजलेल्या. कोणी सात म्हणालं की साठ, अंदाजाने ठरवतो. उभं आयुष्य कानांवर पोट भरलं आणि आता हे. काम निभतंय ते पडद्यावर आवाजाचा आलेख दिसतो म्हणून. खरखर कुठे आहे, श्वास कुठे मोठा लागलाय, सगळं डोळ्यांनी कळतं. गेलं वर्षभर मी डोळ्यांनीच ऐकतोय.

हिला सांगितलेलं नाही. सांगायला आधी बोलणं तर व्हायला हवं. हल्ली ही अर्ध्या गोष्टींना उत्तरच देत नाही. मी काही विचारावं आणि हिने पाठमोरं उभं राहून कपड्यांच्या घड्या घालत राहावं. कशावरून बिनसलंय कळत नाही. एकदा विचारलं तर "कुठे काय?" म्हणाली. मग मीही तोंड मिटलं.

७ फेब्रुवारी

नवा पंखा अडकला तर मला कोण सांगणार?

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळपासून पत्रा काढ, पंखा बघ, पत्रा लाव. स्क्रूचे आटे झिजायचे एखाद्या दिवशी. हिने जाता-येता दोनदा पाहिलं, बोलली नाही.

मग डोक्यात आलं, पत्र्यालाच खिडकी कापावी. पारदर्शक ॲक्रिलिक बसवायचं, आत एक छोटा दिवा. हल्लीची पोरं करतात की, निळे-जांभळे दिवे लावून. ती हौस म्हणून करतात, मी गरज म्हणून करीन. कोणी विचारलं तर मात्र हौसच म्हणायचं!

वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. हा डबा घेतला तेव्हा आतून चारी बाजूंनी स्पंज मीच चिकटवला होता. पंख्याचा आवाज जराही बाहेर येऊ नये म्हणून. तेव्हा ही म्हणाली होती, "बाळंतिणीला जपतात तसं जपताय." खिडकी करायची तर त्या बाजूचा स्पंज काढावा लागणार.

९ फेब्रुवारी, रविवार

मेहुण्याकडे गेलो. हिचा धाकटा भाऊ, लाकडी सामान बनवतो. पत्रा कापायची विजेवरची करवत मागितली.

"भावोजी, या वयात संगणकाला खिडकी? पडदे कोण शिवणार, ताई?"

हसलो. करवत देताना त्याने पातं दाखवलं, पकडायचं कसं ते दाखवलं. मग म्हणाला, "हाताकडे नको, मोटरीच्या आवाजाकडे लक्ष ठेवा. आवाज चढला की समजा पातं फसतंय. लगेच सोडायचं."

मी हो म्हणालो. आणखी काय म्हणणार.

१२ फेब्रुवारी

स्पंज सोलला. चिवट निघाला. गोंद इतका पक्का की खरवडून खरवडून नखं दुखली. आपणच केलेलं चांगलं काम आपणच मोडायचं, हात मनापासून चालत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज कापलं.

गच्चीवर जुनं टेबल मांडलं. पत्र्यावर कागदी चिकटपट्टी लावली, म्हणजे रेघ नीट दिसते आणि रंगाला ओरखडे पडत नाहीत. पंखा नेमका समोर येईल अशी चौकट आखली. चारी कोपऱ्यांना ड्रिलने भोकं पाडली. एका भोकातून पातं आत घातलं, करवत चालू केली.

पहिलं पातं लगेच तुटलं. मोटरीचा आवाज चढला असेल, मला काय माहीत. दुसरं लावलं. ते फसायच्या आधी मनगटात एक थरथर आली, निराळीच. तेव्हा कळलं की हाताकडेच लक्ष द्यायचं. मेहुण्याने सांगितलं त्याच्या बरोबर उलट.

दुसरी बाजू कापताना पत्रा उडायला लागला. एका हाताने दाबू पाहतोय तोवर समोरून आणखी दोन हात आले. ही. कधी वर आली, कोण जाणे. पदर खोचलेला, डोळ्यांना कारखान्यातला चष्मा. दुसरा तसलाच चष्मा तिने माझ्यापुढे धरला.

काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. ती माझ्या चेहऱ्याकडे बघायची, मी मान हलवली की पत्रा सोडायची, भुवई उचलली की दाबायची. शिवणाच्या कारखान्यात जन्म गेला तिचा. शेकडो मशीनच्या गोंगाटात तिथे सगळे डोळ्यांनी आणि हातांनीच बोलतात. ती सवय आज कामाला आली. चौकोन सुटून खाली पडला तेव्हा दोघंही हसलो.

फार दिवसांनी असं झालं. रुसवा बहुतेक मावळलाय.

१६ फेब्रुवारी

मावळलेला नाही. सकाळी दाढी करता करता हाक मारली, टॉवेल दे म्हणून. शेजारच्या खोलीतच होती. आली नाही, ओ पण दिली नाही. ओल्या तोंडाने जाऊन स्वतःच घेतला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दोन दिवस कानस मारतोय. कापलेली कड करवतीसारखी दातेरी झाली होती, आता बोट फिरवलं तर अडत नाही. कडेला रबराची पट्टी बसवली, आतून दोन्हीकडे चिकटणाऱ्या टेपने ॲक्रिलिक लावलं. वरचा संरक्षक कागद सगळ्यात शेवटी सोलला. एका कोपऱ्यात बारीक ओरखडा आलाय. माझ्याशिवाय कोणाला दिसायचा नाही.

पत्रा जागेवर लावला, दिवा लावला. पंखा फिरतोय. दिसतोय!

मुलीला फोटो पाठवला. नोकरीच्या गावाहून तिचं उत्तर आलं: बाबा, तुम्ही तरुण व्हायला लागलात.

२२ फेब्रुवारी

कामापेक्षा पंख्याकडेच जास्त बघतो. मन थाऱ्यावर नाही. पंखा दिसला, ठीक. उद्या बाईंच्या आवाजात मागे काही बारीक शिट्टी असली तर? आलेखात दिसेल म्हणा. आणि नाही दिसली तर? प्रत्येक गोष्टीला खिडकी कुठून कापणार.

२६ फेब्रुवारी, बुधवार

बाई आल्या होत्या. निवेदन त्या स्वतःच वाचतात, माझ्या खोलीतच रेकॉर्ड करतो. मी मायक्रोफोन लावला, नमुना म्हणून चार वाक्यं घेतली. त्यांनी हेडफोन कानाला लावून ऐकली आणि कपाळाला आठी घातली.

"मागे घरघर कसली येतेय?"

मी पडद्याकडे पाहिलं. आलेखाच्या तळाशी एक जाड पट्टा होता. बाई येणार म्हणून सकाळपासून इतका घाबरलो होतो की तो पाहिलाच नव्हता. बाई उठून खोलीभर फिरल्या आणि डब्यापाशी येऊन वाकल्या.

"अरे वा, खिडकी! स्वतः केलीत? सुरेख झालीय." मग सरळ उभ्या राहिल्या. "पण आवाज इथूनच येतोय. तुम्ही हा खपवून कसा घेताय? मागे तुम्ही माझं घड्याळ काढून शेजारच्या खोलीत ठेवायला लावलं होतं."

ही तेवढ्यात चहा घेऊन आली होती, माझ्या पाठीमागे दारात. कपांची सावली टेबलावर पडली म्हणून कळलं. वाटलं, होऊन जाऊ दे. दोघींना एकदमच कळू दे.

"मला तो ऐकू येत नाही," मी म्हणालो. "बारीक आवाज येईनासे झालेत. वर्ष होत आलं. पंखा दिसावा म्हणून खिडकी केली."

हिने पुढे होऊन कप ठेवले, बाईंना म्हणाली, "साखर कमी वाटली तर सांगा हं," आणि निघून गेली. चेहऱ्यावर काही नाही. रेघसुद्धा हलली नाही.

मी पुढचं ऐकायची तयारी केली. वाटलं, काम गेलं. बाईंनी चहा संपवला.

"माझी माणसं जिथे श्वास घेतात तिथे तुम्ही कात्री लावत नाही. म्हणून मी तुमच्याकडे येते," त्या म्हणाल्या. "ते तुम्हीच करायचं. शेवटी एकदा दुसऱ्या कोणाच्या कानांनी तपासून घेऊ. पण मला एक सांगा, करवत आणलीत, पत्रा कापलात, आणि कानाच्या डॉक्टरकडे जायला काय झालं होतं?"



२७ फेब्रुवारी

ही त्यावर अवाक्षर बोललेली नाही. परक्या माणसाला आधी सांगितलं, ते लागलं असणार. लागायलाच हवं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज राहवलं नाही. जेवायला समोरासमोर बसलो तेव्हा विषय काढला.

"परवा बाईंना सांगितलं ते आधी तुला सांगायला हवं होतं."

"काय सांगितलं?"

"अगं, तू दारातच होतीस."

"मी चहा ठेवून गेले."

मुद्दाम वेड पांघरतेय असं वाटलं. तरी सगळं पुन्हा सांगितलं, तिच्या डोळ्यांत बघून, सावकाश. तिचा घास हातातच राहिला. खरंच पहिल्यांदा ऐकत असल्यासारखी.

"म्हणजे मी हाका मारायचे, तुम्ही ओ द्यायचा नाहीत, ते..."

"ऐकूच आलं नसेल."

"मी समजत होते तुम्हाला माझा कंटाळा आलाय." तिने पदराने डोळे पुसले, मग हसायलाच लागली. "किती दिवस मी कुढतेय, अहो."

मलाही हसू आलं. भात गार झाला. मीही तिला रागावलेलीच समजत होतो, हे सांगायचं राहून गेलं. आता काय गरज, असं वाटलं. सोमवारी तपासायला जातोय. म्हणाली, मीही येते, रजा टाकते.

३ मार्च, सोमवार

माझा उजवा कान बराच गेलाय, डावा त्या मानाने बरा. यंत्र लावलं की काम करता येईल म्हणाल्या डॉक्टरीणबाई. मग हिच्याकडे वळल्या. कारखान्यात मशीनवर असता ना, आल्याच आहात तर तुमचेही बघू. माझ्याच खुर्चीत हिला बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं.

डॉक्टरीणबाई आवाज वाढवत गेल्या. शेवटी हेडफोनमधून बाहेर सांडून तो मलासुद्धा ऐकू यायला लागला, समोरच्या बाकावर. ही माझ्याकडे बघून हसत होती, सुरू कधी होणार म्हणून वाट बघत. अंगठा बटणावर तसाच.