यादीत नसलेलं दुखणं

माय, मी पोटासाठी काय करते हे तुला समजावून सांगायची वेळ कधी आलीच नाही. तू गेलीस तेव्हा हे काम जन्मालाही आलं नव्हतं. मी लोकांच्या वेबसाइटी तयार करते. दुकान किंवा दवाखाना असतो गावात, आणि त्याची पाटी मी लावते मोबाइलमध्ये. हल्ली माणसाला काही हवं असलं की तो शेजाऱ्याला विचारत नाही, मोबाइलला विचारतो. विचारताना तो जे शब्द वापरतो, तेच ज्या पाटीवर असतील ती पाटी त्याच्यासमोर येते. म्हणून वेबसाइट करायच्या आधी ते शब्द हुडकायचे, पारखायचे, त्यातले निवडायचे. कीवर्ड म्हणतात त्यांना. वर्ध्याच्या घरी स्वयंपाकघराला लागून एक खोली आहे, तिथे बसून मी हे करते. गल्लीतल्या बायका समजतात की ही दिवसभर कॉम्प्युटरवर टाइमपास करते. समजोत बापड्या.

हे मी एका कोर्समध्ये शिकले असं सगळ्यांना सांगते. कोर्स केला हे खरंच आहे, पण त्यात जे शिकवलं ते मला आधीच येत होतं. आठवतं ते असं: मी आठ वर्षांची आहे. आपण रोहण्याहून भाजीची टोपली घेऊन आर्वीच्या बाजारात आलो आहोत. बाकीच्या बायका टोपली टेकवता टेकवता ओरडायला लागतात, तू मात्र वरचं ओलं फडकंसुद्धा काढत नाहीस. टोपली शेजारणीजवळ ठेवतेस आणि रिकाम्या हातानं सगळ्या बाजाराला एक फेरी मारून येतेस. कोण काय मागतंय, काय म्हणून मागतंय, कोणती बाई काय न मिळाल्यानं परत फिरतेय, सगळं ऐकतेस. शेजारीण दर वेळी चिडवते, ‘काय वं, बाजाराले परदक्षणा घालून राह्यली काय?’ तू नुसती हसतेस. त्या दिवशी तू फेरीवर असताना मी मोठ्या हौसेनं ओरडायला सुरुवात केली, ‘ताजी कोथिंबीर! हिरवीगार कोथिंबीर!’ एक बाई थांबेल तर शपथ. तू परत आलीस आणि कमरेवर हात ठेवून म्हणालीस, ‘कोन हाय वं ते कोथिंबीर? कोनाची पोरगी?’ मी रडकुंडीला येऊन म्हटलं, पुस्तकात तसंच हाय. ‘मंग पुस्तकालेच इकजो. इथं लोकं सांभार मांगतेत. आधी आयकजो, मंग बोंबलजो.’ पुढे पुलगावच्या बाजारात, जिथे नोकरीसाठी लांबलांबून आलेले लोक असायचे, तिथे तूच ‘धनिया, धनिया’ म्हणून ओरडताना मी पाहिलं. टोपली तीच आणि जुडीही तीच. मला तेव्हा तुझी लाज वाटली होती. आपली आई हिंदी बोलते आणि तीही असली मोडकी, असं वाटलं.

आता मुद्द्यावर येते. हिंगणघाटला एक तरुण डॉक्टरीण बायकांचा नवा दवाखाना काढते आहे. सावंगीच्या मेडिकल कॉलेजात शिकलेली, हुशार, बोलायला गोड. मला ताई म्हणते. वेबसाइटचं काम तिनं मला दिलं आणि सोबत स्वतःच एक यादी करून दिली. बेस्ट गायनॅकॉलॉजिस्ट, स्त्रीरोगतज्ज्ञ हिंगणघाट, वंध्यत्व उपचार, गर्भाशय भ्रंश. यादी चुकीची नव्हती. मी ती माझ्या कामाच्या टूलमध्ये टाकली. ते टूल प्रत्येक शब्दापुढे आकडा दाखवतं, महिन्याला साधारण किती जण तो शब्द शोधतात याचा. पहिल्या दोन-तीन शब्दांपुढे भरभक्कम आकडे आले. पण ते शोधणाऱ्या बायका तशाही दवाखान्यात पोचल्याच असत्या. ‘गर्भाशय भ्रंश’ वाचून मला पुस्तकातली कोथिंबीर आठवली. मी लॅपटॉप बंद केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं हिंगणघाटला गेले, फेरी मारायला.

कापसाचा हंगाम होता. जिनिंग मिलच्या फाटकाबाहेर कडुलिंबाखाली बायका जेवायला बसल्या होत्या. मीही डबा उघडून त्यांच्यात बसले. लोणचं इकडून तिकडं गेलं, मग बोलणं निघालं. लिहायला-वाचायला येत नसलं तरी अडत नाही म्हणे आता, मोबाइलमध्ये नुसतं बोललं की तो शोधतो. एक चाळिशीची बाई जवळ सरकून बसली आणि हळूच म्हणाली, ‘दोन वर्सं झाले, अंग बाहेर येते माहं. बसलं का टोचते. कोनाले सांगाव? एक दिवस सुनेच्या मोबाइलमधी गुपचूप बोलली, तं अंगदुखीच्या तेलाची जाहिरात आली.’ पलीकडच्या एकीनं ऐकलंच. ती म्हणाली, ‘मंग लाव नं वं तेल!’ सगळ्या फिसकन हसल्या, तीही हसली. मी हातातला घास डब्यात परत ठेवला. कारण तुझ्यानंतर इतक्या वर्षांत ते शब्द माझ्या कानावर पहिल्यांदाच पडत होते. बाळंतपणांनी आणि ओझ्यांनी सैल झालेली पिशवी खाली उतरते, त्यालाच डॉक्टरीण गर्भाशय भ्रंश म्हणते. परत येताना एसटीत बसल्या बसल्या मी त्या बाईचे शब्द टूलमध्ये घातले. पुढे आकडा आला नाही, नुसती एक आडवी रेघ आली. म्हणजे असं कोणी शोधत नाही.

माय, मी तुला घेऊन गेले होते तो दवाखाना मला अजून जसाच्या तसा दिसतो. हिरव्या रंगाच्या भिंती, लाकडी बाकडं, फिनाइलचा वास. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, इस्त्रीचा ड्रेस घालून आले आहे. येताना गाडीत तू माझ्या कानाशी लागून सांगितलं होतंस, ‘डॉक्टरले सांगजो, अंग बाहेर येते म्हनून. मले नाई सांगता येत पुरुषमानसाले.’ आत गेलो तर डॉक्टर तरुण होता आणि त्याच्या मागे आणखी दोघं उभे होते, जवळपास माझ्याच वयाचे. ‘काय त्रास आहे?’ त्यानं विचारलं. तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हटलं, ‘कंबर दुखते.’ एवढंच. त्यानं गोळ्या लिहिल्या, कमरेचा पट्टा सांगितला, ओझं उचलू नका म्हणाला. त्याचा काय दोष? त्याला जे सांगितलं त्यावरच त्यानं औषध दिलं. बसस्टँडवर आल्यावर तू गोळ्यांची पुडी पदराच्या गाठीत बांधलीस. मग म्हणालीस, ‘तू सांगतलं नाई.’ मी फणकाऱ्यानं म्हटलं, सांगितलं, त्यांच्या भाषेत सांगितलं. तू गाड्यांकडे बघत म्हणालीस, ‘त्यायच्या भाषेत सांगतलं, तं दुखनं त्यायचं झालं काय? माहं तं माह्यापाशीच राह्यलं.’

तू रागावली असतीस तर बरं झालं असतं. तू तो विषय पुन्हा काढलाच नाहीस, मीही नाही. जुन्या लुगड्याच्या घड्या घालून काय काय बांधत होतीस, दांडीवर वाळत घातलेल्या त्या चिंध्यांवर दुसरं कापड पांघरत होतीस, हे मला दिसत होतं. टोपली तू आणखी बरीच वर्षं डोक्यावर वाहिलीस. नंतर बाजार सोडलास आणि शेताच्या धुऱ्यावर, बांधाला, एका अंगावर कलून बसायला लागलीस. लोक म्हणायचे, बाई थकली. तू त्या दुखण्यानं गेली नाहीस, तापानं चार दिवसांत गेलीस, हे मी स्वतःला खूपदा सांगून पाहिलं आहे. त्यानं ती मधली वर्षं कमी होत नाहीत. आणि ती वर्षं मी तुला दिली, माझ्या दोन शब्दांनी.

म्हणून या वेळी मी हट्टाला पेटले. डॉक्टरिणीसमोर यादी ठेवली. वरचे तिचे सगळे शब्द ठेवले आणि खाली बायकांचे लिहिले. तिनं ती आडवी रेघ बरोबर हेरली. ‘ताई, इथं तर आकडाच नाही. जे कोणी शोधत नाही ते कशाला ठेवायचं?’ मी म्हटलं, शोधतात हो, पण चोरून शोधतात, दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये, एकदाच. काही मिळालं नाही की पुन्हा तोंड उघडत नाहीत. आकडा यायला हजारदा विचारावं लागतं, या बायका एकदा विचारायला दहा वर्षं लावतात. तिनं यादी पुन्हा वरून खाली वाचली. मग म्हणाली, ‘पण उघडंवाघडं नाही का वाटत? माझ्या नावाखाली हे? घरचे बघतील.’ मी विचारलं, तपासताना वाटतं का तुम्हाला उघडंवाघडं? ‘नाही.’ मग लिहिताना का वाटावं? आवाज जरा चढलाच माझा. काम हातचं जातं की काय असंही वाटून गेलं. पण पोरगी खरंच भली आहे. तिनं पेन घेतलं, ‘भ्रंश’ खोडलं आणि स्वतःच्या हातानं वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘अंग बाहेर येतं? उपाय आहे. असेल तसं सांगा.’ ‘त्याखाली हेच मी माझ्या आवाजातही बोलून ठेवते, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी,’ असंही म्हणाली.

परवापासून ते पान सुरू झालं आहे. कोणी येईल न येईल, मला माहीत नाही. पण एक गोष्ट तुला सांगायची राहिली, आणि हे कुठे पाठवायचं नाही म्हणूनच लिहिता येते आहे. त्या यादीच्या दिवशी निघताना डॉक्टरिणीनं मला दारापर्यंत सोडलं आणि अगदी सहज विचारलं, ‘ताई, असं नेमकं कोण म्हणतं हो?’ मी चपला घालत होते. क्षणभर थांबलेसुद्धा. मग म्हटलं, ‘अशाच, खेड्यापाड्यातल्या बाया.’ माझी आई म्हणायची, एवढं काही माझ्या तोंडून निघालं नाही.