पेज पातळ नव्हती

५ जानेवारी, सोमवार
मी बोलते, सना लिहिते. नर्ससाठीची वही फ्रिजवर आहे, त्यात सून रुबीना इंग्रजीत आकडे घालते. ही वही माझी. मला आकडे येत नाहीत, अक्षरंही नाहीत, तोंड तेवढं येतं. नातीचं मराठी म्हणजे शाळेतल्या हिंदीच्या जोरावर, तेव्हा चुका तिच्या, बाकी सगळं माझं.

माझ्या लेकाचा, सलीमचा, आजचा दिवस बरा. ए.एल.एस.च्या दुखण्यानं आधी हात नेले, मग पाय, बकरी ईदेला बोलणं. डोळे आहेत. डो. वर म्हणजे हो. डो. मि. म्हणजे मिटले, नाही. हाच माणूस इंडस्ट्रियल एरियातल्या गॅरेजात नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगायचा. घरी येणारी नर्स, शीजा सिस्टर, त्याची छाती ऐकायला लागली की मी विचारते, कौनसा पार्ट गया? सलीमला हसू येतं. सिस्टरला नाही.

डॉक्टर म्हणतात, पोटात नळी घालून घ्या, श्वासात दम आहे तोवर. उशीर झाला तर झेपणार नाही. सलीमला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा डो. मि. तोंडानंच जेवायचंय म्हणे. तेही माझ्याच हातून. पन्नाशीला आला तरी लाडोबा.

७ जाने., बुध
दुपारी पेज अडकली. ओठ निळे. मी हाक मारली तशी सना आतल्या खोलीतून धावली, मान पुढे घेतली, खो. मशीन लावलं, खोकल्याचं. तीनदा. मग श्वास लागला. पंधरा वर्षांची पोर, एकटीनं केलं सगळं. माझ्या हातात चमचा तसाच.

संध्याकाळी सिस्टर आली. "अम्मा, क्या हुआ था?"
म्हटलं, पेज पातळ झाली होती.
पावडर घालून पेज घट्ट करायचं काम रुबीनाचं, सकाळी ऑफिसला जायच्या आधी. ती म्हणाली, "माझीच चूक, आई. घाईत माप कमी पडलं असेल."
मी गप्प

८ जाने., गुरु
काल इथेच थांबले. सना म्हणते, वाक्य फिनिश कर. होईल, इन्शाल्ला.

१० जाने., शनि
सिस्टरनं पावडर दुप्पट केली. पेज नव्हे, वॉलपेपर चिकटवायची खळ. चार चमचे घेतो, डो. मि. काल पाच. रुबीना माप दोनदा घालते, प्याला खिडकीपाशी नेऊन उजेडात बघते. खाली लगूनच्या पाण्याकाठी लोक फिरतायत, ही पेजेकडे बघत उभी.

तो जेवताना मी आता बोलत नाही. सलीम माझ्याकडे बघत राहतो. तुला काय झालंय, असं. मला त्यासाठी डोळ्यांनी अक्षरं दाखवायची पाटी लागत नाही.

१२ जाने., सोम
वजन उतरलं. श्वास मोजायच्या फुंकरीच्या मशीनवरचा आकडाही. सिस्टरनं तो मला सांगितला नाही, रुबीनाला बाजूला घेऊन सांगितला, म्हणजे कळलंच. गुरुवारी डॉक्टर. नळीचं तेव्हा ठरवा, मग थांबता येणार नाही म्हणाले.

छातीत घरघर. आता कुठला पार्ट ते विचारवत नाही.

१३ जाने., मंगळ
सना, लिही आणि मान वर करू नको. मागचं खोडायचं नाही, खाली लिही.

पेज पातळ नव्हती. पेज बरोबर होती. मी बोलले.

जेवताना त्याला हसवायचं नाही, सिस्टरनं पहिल्या दिवशीच बजावलंय. या दुखण्यात हसू आलं की आवरत नाही, आणि तोंडात घास असला की तो भलतीकडे जातो. ठाऊक होतं मला. पण तो खिडकीकडे बघत होता, तोंड एवढंसं करून. म्हटलं, तुझा बाप पहिल्यांदा दुबईहून आला तेव्हा गॉगल लावून मशिदीत गेला आणि येताना दुसऱ्याची चप्पल घालून आला. एक स्वतःची, एक त्याची, दोन्ही डाव्या. कबूल करायला नको म्हणून सुट्टीभर तशाच घालून फिरला.

घास त्याच्या तोंडातच होता.

सनाचं पेन थांबलं. "दादी, यू लेट मम्मी टेक द ब्लेम?"
हो. तेही लिही.
"टेल हर. नाऊ."
यल्ला, चला, उठले.

रुबीना कांदा चिरत होती. सगळं सांगितलं, मशिदीपासून. तिनं सिस्टरला फोन लावला, पावडर परत एका मापावर आणली. मग सुरी ठेवून म्हणाली, "दोन्ही डाव्या?"
"दोन्ही."
हसली. मग बेसिनचा नळ सोडून बराच वेळ माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

रात्रीची पेज तिनं भरवली. अकरा चमचे. मी दाराशी, तोंडावर पदर.

१४ जाने., बुध
उद्या डॉक्टर.

दुपारचं जेवण झालं. तोंड रिकामं आहे ते सनानं टॉर्च लावून बघितलं. मग मी त्याच्या समोर खुर्ची घेतली.

म्हटलं, सलीम, गेल्या बुधवारचा ठसका माझ्यामुळे. डो. वर. ठाऊक होतं त्याला, तिथेच तर होता.

म्हटलं, आता ऐक. तोंडानं जेवायचं तर मला गप्प बसावं लागतं, आणि मी गप्प बसले की तू चार चमच्यांवर येतोस, हे आपण बघितलं. नळी घातलीस तर पेज पोटात जाईल आणि तोंड मोकळं राहील. मग जेवणभर बोलेन. तुझ्या बापाचं अजून पुष्कळ आहे, चपला तर सुरुवात. डॉक्टरला विचारून घेऊ, पण चव म्हणून चहाचा ओला चमचा जिभेला लावता येतो म्हणे कधीकधी. घालायची नळी?

हसायला लागला. खांदे हलत नाहीत आता, पोट हलतं. हे त्याचं हसू की दुखण्याचं, डॉक्टरांनाही सांगता येत नाही. डोळे मिटलेले, कडांना पाणी. पण हसताना हा डोळे मिटतोच, पाळण्यात होता तेव्हापासून.

सना वही धरून उभी. "दादी, व्हॉट डू आय राइट? यस ऑर नो?"

थांब जरा. त्याचं हसून होऊ दे.