पूजा झालेलं कार्ड

कापूरहोळ, दसऱ्याचा दुसरा दिवस, २००६. संध्याकाळ.

कार्ड बसत नाही. दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा बघून काय होणार?

लग्नाच्या कॅसेटचं मिक्सिंग सगळं मीच करते. कॉम्प्युटर जुना झालाय, चित्र अडकतं, म्हणून ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरलं. दादाला बजावलं होतं, आपल्या मशीनला जुना एजीपी स्लॉट आहे, त्यातच बसणारं आण. "दुकानातलं मला कळतं," म्हणाला, आणि पुण्याहून नव्या स्लॉटचं भारीतलं घेऊन आला.

काल लगेच लावून बघते म्हटलं, तर म्हणे, "आधी पूजा. तवर हात लावायचा न्हाई." झेंडू, हळद, कुंकू. कुंकू तर थेट कार्डाच्या सोनेरी पट्टीवर.

आज दुकानात फोन केला. कुंकू लागलेला माल परत घेत नाही म्हणाले. दादा आईला सांगतोय, "कार्ड लई भारी हाय, हिचा कॉम्प्युटरच म्हातारा झालाय."

हिचा. बाहेर स्टुडिओच्या पाटीवर नाव त्याचं, आणि बिघडला की कॉम्प्युटर माझा?

भोंगवलीच्या उन्हाळ्यातल्या लग्नाची सीडी अजून व्हायचीय, उद्या ती माणसं दारात येतील. आता चित्र पुन्हा अडकलंय. नवरी हार घालायला हात उचलून तशीच उभी आहे.

कार्डावरचं कुंकू पुसायला घेतलं, तर आई म्हणाली, "राहू दे गं. पुढच्या दसऱ्याला पूजेत मांडता येईल."