रुसलेल्या बोटांची हकीकत

चि. धाकटीस,

थोरलीचे, अजून जरा कुरकुरणाऱ्या हाताने दिलेले आशीर्वाद. तब्येत कशी आहे? जावईबापू वेळेवर जेवतात ना? (तुझ्याबद्दल ही काळजी कधीच नव्हती.) आईचा फोन आला होता. माझे सांधे धरले हे ऐकून तू रुबेलाची लस पुढे ढकललीस म्हणे, मूल मात्र तुला लगेच हवंय. माझं दुखणं तुला आईच्या तोंडून कळलं, म्हणजे चांगलं तिखटमीठ लावून कळलं असणार. आता जिचे सांधे तिच्याकडूनच ऐक.

मी हीच लस घेतली त्या दिवशी काही झालं नाही. मोठ्या बायकांना एक-दोन आठवड्यांनी सांधेदुखी होऊ शकते, बहुतेकींची थोड्या दिवसांत आपोआप जाते, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मी मान डोलावली, पण लक्ष त्यांच्या कोटाच्या उसवलेल्या बाहीकडे (शिवणकामाने डोळ्यांना लागलेली खोड, दुसरं काय). मग एका सकाळी उठले तर बोटं फुगलेली, मनगटं आखडलेली आणि गुडघे जिन्याच्या पायरीपायरीवर भांडायला उभे. कात्री धरवेना, सुईत दोरा ओववेना. यजमान म्हणाले, त्यात काय एवढं, मी करतो काजं. त्यांनी केली. एका शर्टाला बटणांपेक्षा काजं जास्त झाली आणि ते गिऱ्हाईक आता पलीकडच्या गल्लीत कपडे शिवून घेतं.

पण खरी फजिती पुढेच आहे. आपल्या घरची रुसायची पद्धत तुला मी काय सांगणार. दादाला ऐकू येत नाही, आपण त्याच्याशी हातांनीच बोलतो, तेव्हा आपल्याकडे तोंड बंद करून कुणी रुसत नाही. हात मांडीवर ठेवून बसलं की अबोला. (तू तर शाळेत असताना हात खिशात घालून जेवायलाही तयार नव्हतीस.) तर दादा फ्रेमचं दुकान बंद करून नेहमीसारखा चहाला आला. मला वाटलं, आईने त्याला सांगितलं असेल. आईला वाटलं, मी सांगेन. मी दुखरे हात मांडीवर घेऊन बसलेली. काय झालं, म्हणून त्याने विचारलं. मी नुसते खांदे उडवले, कारण तेवढेच काय ते दुखत नव्हते.

झालं. दुसऱ्या दिवशी त्याने कधीपासून कबूल केलेला आरसा चौकट लावून आणला. मग माझ्या मशीनला तेल घातलं. मी मनात म्हटलं, बाई, भाऊ असावा तर असा, आणि हात मांडीवरच ठेवले. शेवटी तोही चिडला आणि समोर तसाच बसला. यजमान मधे बसून दोन कप चहा गार होताना बघत होते.

अखेर मी त्याचा हात ओढून माझ्या सुजलेल्या बोटांवर ठेवला आणि लसीने झालंय, एवढं खुणेने सांगितलं. तो आधी पोट धरून हसला. मग विचारलं, कसली लस? मी अडखळत्या बोटांनी सांगितलं. तो पोटात असताना आईला हाच रुबेलाचा ताप आला होता, त्यानेच त्याचे कान गेले आणि हृदय अधू झालं, हे त्याला माहीतच आहे. मग म्हणाला, ऐकू येत नाही याचं मला काही नाही, माझं नाव घेऊन धाकटीला घाबरवू नकोस. पण लहानपणी हृदयाच्या ऑपरेशनला छाती उघडली होती माझी, ते दुखणं आठवतं. तिच्या बाळाला ते नको. मला रडू आलं, सरळच सांगते.

तेव्हा दिवस गेलेले नाहीत याची खात्री कर, लस घे आणि नंतर महिनाभर थांब (हे डॉक्टरीणबाईंचं, या वेळी मी नीट ऐकलं). माझं तर थोड्या दिवसांत गेलं.

तुझी,
थोरली

ता. क. : वरचा कुरकुरणारा हात आशीर्वादाला वजन यावं म्हणून लिहिला. कालच तीन परकर शिवले.

आणखी ता. क. : दादाने पत्र वाचलं. मी रुसले नव्हते म्हणून आरसा परत मागतोय. आणि तुला सांगायला सांगितलंय, लस घेऊन इकडेच ये. हात मांडीवर ठेवून बसलीस तरी तो रागावणार नाही. बोटं मोकळी होईपर्यंत तुझ्या वाटचं तोच बोलेल.