चार मोजत आत, सहा मोजत बाहेर

३ फेब्रुवारी

माझी फुफ्फुसंसुद्धा आळशी निघाली! नळीत फुंकायला लावलं. मशीनवरची बाई ओरडतेय, "फुंका, फुंका, अजून, सोडू नका!" — आणि माझा दम निम्म्यातच संपला. वयाच्या मानाने बहात्तर टक्के. बाकी छातीत दोष नाही. डॉक्टर म्हणाले, "मन खचलं की श्वासही वरवरच घेतला जातो. नैराश्याच्या गोळ्या चालूच ठेवा, जोडीला हे करा." हे म्हणजे — चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. रोज दोनदा, वीस-वीस मिनिटं.

वीस मिनिटं! मला दात घासायला उठवत नाही.

बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करत माईकपुढे अकरा वर्षं बसले. एक दिवस गाडीचं नाव घेता घेताच थांबले. पुढचे शब्द होते, दमच नव्हता. त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून ताईच्या घरी, ताईच्या जिवावर.

५ फेब्रुवारी

केलं नाही.

६ फेब्रुवारी

ताईने ताबा घेतला. गणिताची मास्तरीण — मोजतेही तशीच. "सहा म्हणजे सहा! पाचावर पळायचं नाही." हसू आलं. निदान आल्यासारखं वाटलं.

१५ फेब्रुवारी

आज दुपारी काहीतरी झालं. नीट लिहिता येईल का, माहीत नाही.

पडदा ओढलेला, खोली पिवळसर. ताईचा आवाज लांब लांब जात होता, जणू ती पाण्याच्या काठावर उभी आहे आणि मी तळाशी. पण बुडाल्यासारखं नाही — तरंगल्यासारखं. श्वास पोटापर्यंत गेला. तिथे एवढी जागा होती? किती दिवस रिकामी पडून होती कोण जाणे! पडदा फुगायचा, बसायचा. तो आधी की मी आधी, कळेना. डोळे उघडले तर ताईचं मोजणं केव्हाच थांबलेलं. खुर्चीतच तिचा डोळा लागला होता. तरी माझं चालूच!

मग भूक लागली. खरीखुरी.

२२ फेब्रुवारी

वाईट दिवस. चारपर्यंतसुद्धा पोचले नाही. ताई म्हणाली, "असू दे. उद्या आहेच की." पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

३ मार्च

एक्क्याऐंशी! मशीनवरच्या बाईने टाळी वाजवली. "मॅडम, मागच्या वेळी कुठे ठेवला होता हा दम?" डॉक्टर जपून बोलले — आकडा वाढला म्हणजे आजार गेला असं नाही. कबूल. पण येताना रस्त्याला रंग होते. एका गच्चीवर निळी चादर वाळत होती, मी थांबून बघत बसले. ताई शेजारच्या खांबाला टेकून डोळे मिटून उभी होती.

५ मार्च

ताई उठली नाही. शाळेची वेळ टळली. दार ढकललं, तर भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"ताई?"

"आज मला उठवू नकोस गं. किती महिने झाले, स्वतःला ओढत उठतेय... आता मला होतच नाहीये."

शेजारी बसले. तिचे केस मागे सारले. मग डॉक्टरांकडे फोन लावला आणि तिच्या नावाने वेळ मागितली.